पुस्तक घरापर्यंत नेणारे महाराज

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड तिसरे यांचे नाव निघाले की सक्तीचे प्राथमिक शिक्षण, ग्रंथालये, विद्वानांना दिलेला आश्रय आणि १९१३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना परदेशी शिक्षणासाठी दिलेली शिष्यवृत्ती या गोष्टी आठवतात. या सर्व कार्यामागे एक साधी वस्तुस्थिती होती, तिचा उल्लेख मात्र क्वचितच सविस्तर होतो. राजवाड्यात आले तेव्हा या महाराजांना लिहिता-वाचता येत नव्हते.

नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ कवळाणे हे गाव आहे. तेथील काशीराव गायकवाड व उमाबाई यांच्या शेतकरी घरात ११ मार्च १८६३ रोजी गोपाळराव जन्मले. बडोद्याच्या राजघराण्याशी दूरचे नाते होते, परंतु घराचा चरितार्थ शेतीवर चाले. १८७५ मध्ये ब्रिटिश सरकारने मल्हारराव गायकवाडांना पदच्युत केले. तेव्हा खंडेराव महाराजांच्या विधवा पत्नी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली आणि त्यांनी गोपाळरावांची निवड केली. २७ मे १८७५ रोजी बारा वर्षांचा हा मुलगा सयाजीराव झाला.

शेतावर वाढलेल्या मुलाला आता राज्यकारभारासाठी तयार करायचे होते. त्यासाठी इंग्रज शिक्षक एफ. ए. एच. इलियट यांची नेमणूक झाली. दिवाण सर टी. माधवराव यांनीही राज्यशास्त्राचे पाठ दिले. मराठी, गुजराती, उर्दू व इंग्रजी अशा चार भाषांचा अभ्यास एकाच वेळी सुरू झाला. ज्या वयात इतर मुले प्राथमिक शाळा संपवतात, त्या वयात सयाजीराव मुळाक्षरे गिरवत होते. २८ डिसेंबर १८८१ रोजी त्यांना राज्याचे पूर्ण अधिकार मिळाले. अक्षरओळखीपासून राजदंडापर्यंतचा हा प्रवास जेमतेम साडेसहा वर्षांचा होता. उशिरा शिकणाऱ्याला किती कष्ट पडतात आणि शिकवणारा भेटला तर केवढा पल्ला गाठता येतो, या दोन्ही गोष्टी त्यांनी स्वतः अनुभवल्या होत्या.

कवळाण्याच्या इतर मुलांना मात्र असा शिक्षक मिळणार नव्हता. बडोदे संस्थानातील खेड्यापाड्यांची स्थितीही निराळी नव्हती. मूल सात-आठ वर्षांचे झाले की गुरे राखायला, धाकट्या भावंडांना सांभाळायला किंवा शेतात हात लावायला उपयोगी पडे. त्याला दिवसभर शाळेत बसवणे म्हणजे घरातले दोन कामाचे हात कमी करणे, असा पालकांचा हिशेब होता. तो अडाणीपणाचा म्हणून झिडकारता येण्यासारखा नव्हता. त्यामागे दारिद्र्य होते.

महाराजांनी १८९३ मध्ये काठेवाडातील अमरेली तालुक्यात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला. आधी मोजक्या गावांत अनुभव घ्यायचा आणि मग पुढे जायचे, असे धोरण होते. १९०६ मध्ये हा कायदा साऱ्या संस्थानाला लागू झाला. मुलांसाठी सात ते बारा आणि मुलींसाठी सात ते दहा अशी वयोमर्यादा ठरली. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड होई. त्या दंडाची झळ गरिबांनाच अधिक बसे, आणि त्यावर टीकाही झाली. मुलींच्या वाट्याला मुलांपेक्षा दोन वर्षे कमी आली, हेही खरे. तरीही एका हिंदी संस्थानाने हा भार उचलून दाखवला, त्याचा परिणाम बडोद्याबाहेर झाला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा बडोद्याचे उदाहरण त्यांच्या हाताशी होते. ब्रिटिश हिंदुस्थानात ते विधेयक पुढच्याच वर्षी फेटाळले गेले.

कायद्याहून अवघड अडथळा जातिभेदाचा होता. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी महाराजांनी कारकिर्दीच्या प्रारंभीच शाळा काढल्या, पण तेथे शिकवायला सवर्ण हिंदू शिक्षक राजी नसत. म्हणून मुसलमान शिक्षक नेमावे लागले. पुढे आर्य समाजाचे पंडित आत्माराम यांनी हे काम हाती घेतले आणि वसतिगृहांची जोड दिली. धडा वाचायला शिकवण्यापूर्वी शिक्षकाने विद्यार्थ्याशेजारी बसायला तयार असावे लागते, हे त्या काळी गृहीत धरता येत नव्हते.

मुले शाळेत आली, वाचायला शिकली, आणि मग निराळीच अडचण पुढे आली. चार-पाच वर्षे शाळेत काढलेले मूल घरी परते. त्या घरात पोथीखेरीज छापील कागद नसे, बहुधा पोथीही नसे. गावात वर्तमानपत्र येत नसे. शेतीच्या कामात बुडालेला तो मुलगा काही वर्षांत अक्षरे विसरून जाई. मुलीचे तर लग्न होऊन ती सासरी जाई. सरकारने शाळेवर खर्चलेला पैसा आणि मुलाने घेतलेले कष्ट असे डोळ्यांदेखत वाया जात. वाचन हे रोजच्या सवयीने टिकते, आणि ती सवय शाळेच्या चार भिंतींत पुरी होत नाही, हा धडा बडोद्याच्या शिक्षणखात्याने प्रत्यक्ष अनुभवातून घेतला.

त्यावर महाराजांनी शोधलेला उपाय ग्रंथालयाचा होता. अमेरिकेच्या प्रवासात त्यांनी तेथील सार्वजनिक वाचनालये पाहिली होती. १९१० मध्ये त्यांनी विल्यम अॅलन्सन बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालास बडोद्यात बोलावले. महाराजांच्या खासगी संग्रहातील सुमारे वीस हजार ग्रंथ हा बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयाचा पाया ठरला. १९११ मध्ये ग्रंथपालांच्या प्रशिक्षणाचा वर्ग निघाला. १९१२ मध्ये इंग्रजी, गुजराती व मराठी अशा तीन भाषांत ग्रंथालयविषयक नियतकालिक सुरू झाले. १९१३ मध्ये बॉर्डन मायदेशी परतल्यावर ज. स. कुडाळकर यांनी आणि गुजरातेत वाचनालयांचे जाळे विणणाऱ्या मोतीभाई अमीन यांनी हे काम पुढे नेले.

या व्यवस्थेत मुलांचा विचार स्वतंत्रपणे केला होता. मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी वेगळा विभाग होता. तेथे पुस्तकांबरोबर चित्रे आणि खेळही ठेवलेले असत. खेळायला आलेले मूल चित्र पाहता पाहता पुस्तकाकडे वळावे, ही त्यामागची कल्पना. परीक्षेचा धाक नाही, पाठांतर नाही, हवे ते पुस्तक हाती घेण्याची मोकळीक. छडीच्या जोरावर शिकवण्याच्या त्या काळात हा विचार नवा होता. स्त्रियांसाठीही वेगळे वाचनालय निघाले. आई वाचू लागली तर घरात पुस्तक येते आणि मूल ते पाहते, हा त्याचा आणखी एक लाभ.

बडोदे संस्थान सलग प्रदेशाचे नव्हते. त्याचे प्रांत गुजरात-काठेवाडात विखुरलेले होते. म्हणून फिरती वाचनालये निघाली. कुलूप असलेल्या लाकडी पेट्यांत निवडक पुस्तके भरून त्या गावोगाव पाठवल्या जात, वाचून झाल्या की परत येत आणि पुढच्या गावी रवाना होत. कायमचे वाचनालय हवे असेल तर गावकऱ्यांनी वर्गणी जमवायची. तेवढीच रक्कम प्रांत पंचायत देई आणि तेवढीच सरकार. गावाने आपला पैसा घातला की गाव त्या वाचनालयाची काळजी घेते, हे या योजनेचे मर्म होते. संस्थानात अशी शेकडो वाचनालये उभी राहिली.

पेटीत ठेवायला पुस्तकेही हवीत. गुजराती व मराठी ग्रंथनिर्मितीसाठी महाराजांनी दोन लाख रुपयांचा निधी राखून ठेवला. त्याच्या व्याजातून श्री सयाजी साहित्यमाला आणि मुलांसाठी श्री सयाजी बालज्ञानमाला निघाली. आपल्या भाषेतील छोटे, सोपे पुस्तक मुलाच्या हाती पडले, तर ते शाळा सुटल्यावरही उघडले जाईल, हा त्यामागचा हेतू स्पष्ट होता.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले. दहा वर्षांनी त्यांचे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. वडोदऱ्यातील मध्यवर्ती ग्रंथालय मात्र आजही वाचकांसाठी खुले आहे. शहरातील जुन्या मराठी कुटुंबांच्या कित्येक पिढ्या त्याच्या कपाटांतून पुस्तके घरी नेत आल्या.

आज शाळेत जाणाऱ्या मुलांची संख्या मोठी आहे, पण धडा अडखळत वाचणाऱ्या मुलांविषयीची तक्रार शिक्षक आणि पालक दोघेही करतात. महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मराठी मुलांच्या बाबतीत तर शाळेची भाषा निराळी असते. मराठी वाचन टिकवण्याचा भार बहुतांशी घरावरच येतो. सयाजीरावांनी मुलाला शाळेत आणण्यासाठी कायदा वापरला आणि त्याचे वाचन टिकावे म्हणून पुस्तकाची पेटी त्याच्या गावी धाडली. यातला कायद्याचा भाग सरकारने केव्हाच पत्करला आहे. पेटीतले पुस्तक रोज थोडा वेळ मुलासोबत उघडण्याचे काम घरातल्या मोठ्यांकडे उरते.