पाण्याला वाट देणारा अभियंता

भंडारदरा धरणाला विल्सन यांचे नाव मिळाले, ते १९२६ साली मुंबई इलाख्याचे गव्हर्नर या नात्याने त्यांनी त्याचे उद्‌घाटन केले म्हणून. प्रवरेच्या कालव्यांनी नगर जिल्ह्याच्या उत्तर भागात ऊस आणला आणि त्यामागोमाग काळ्या रानांवर क्षारांचा पांढरा थरही आणला. दख्खनच्या कालव्यांवरील या व्याधीचा छडा लावणारे सर क्लॉड इंग्लिस जलविज्ञानात ख्यातकीर्त असले, तरी ज्या रानांची त्यांनी चिंता वाहिली तेथे त्यांचे नाव फारसे कोणी घेत नाही.

इंग्लिस यांचा जन्म १८८३ साली डब्लिन येथे झाला. १९०६ मध्ये ते हिंदुस्थानात अभियंता म्हणून रुजू झाले. कालव्यांखालील पाणथळ आणि खारपड जमिनींच्या प्रश्नासाठी मुंबई सरकारने १९१६ साली पुण्यात विशेष सिंचन विभाग काढला, त्याची धुरा पुढे त्यांनी वाहिली. नीरा खोऱ्यात रोग बळावला होताच; गोदावरी आणि प्रवरेच्या पुढे तोच वाढून ठेवलेला होता.

खाऱ्या रानात गोडे पाणी सोडावे, क्षार धुऊन जातील, असा भाबडा समज असे. परंतु ही दोन्ही पाणी तेल-पाण्यासारखी वेगळी राहत नाहीत. मातीच्या छिद्रांतून सरकताना ती एकमेकांत मिसळतात. गोडे पाणी मोठ्या भेगांतून झपाट्याने निसटते, तर सूक्ष्म छिद्रांतले खारे पाणी जागचे हलत नाही. त्यात सोडियममुळे चिकणमाती फुगून छिद्रे बुजली, की जमीन चोपण होते. खाली वाट नसेल, तर ओतलेले पाणी पाणपातळीच चढवते आणि उन्हाने क्षार पुन्हा वर येतात.

इंग्लिस आणि त्यांचे सहकारी गोखले यांनी ही वाट काळ्या मातीखालच्या मुरमात शोधली. पाणी मुरमातून वाहते, म्हणून चर त्या थरापर्यंत खोल गेला पाहिजे. हे कागदावर सोपे. प्रत्यक्षात एकाच्या रानाचा चर शेजाऱ्याच्या बांधातून न्यावा लागतो, आणि तेथे अभियांत्रिकी संपते.

या विभागातूनच खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था वाढली. १९४५ साली इंग्लिस यांना सर हा किताब मिळाला. मायदेशी परतल्यावर त्यांनी तेथील जलसंशोधन केंद्राचे संचालकपद सांभाळले. १९५३ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १९७४ साली त्यांचे निधन झाले.