विश्लेषण : ज्यांच्यामुळे ‘वन-पीस’ पोहण्याचा पोशाख रुळला, त्या अ‍ॅनेट केलरमन कोण होत्या?

पूल पार्टीचे निमंत्रण आले की तारखेआधी प्रश्न पडतो तो कपड्यांचा. स्विमसूट घालायचा की टी-शर्ट आणि शॉर्ट्सवर भागवायचे? लोक काय म्हणतील? शंभर वर्षांपूर्वी हा प्रश्न केवळ लाजेचा नव्हता, जिवाचाही होता. त्याचे उत्तर शोधणाऱ्या ऑस्ट्रेलियन जलतरणपटू अ‍ॅनेट केलरमन यांच्या आयुष्याविषयी…

पाण्यात कशा उतरल्या?

अ‍ॅनेट यांचा जन्म १८८६ मध्ये सिडनीत झाला. घरात संगीताचे वातावरण होते. लहानपणी त्यांचे पाय अशक्त होते आणि आधारासाठी पायांना लोखंडी पट्ट्या लावाव्या लागत. पायांत बळ यावे म्हणून आईवडिलांनी त्यांना पोहायला घातले. पाण्याची सुरुवातीची भीती गेली, पाय सुधारले आणि वेगही आला. १९०२ मध्ये न्यू साउथ वेल्स राज्याच्या महिला स्पर्धेत १०० यार्ड आणि एक मैल या दोन्ही शर्यती त्यांनी जिंकल्या. पुढे कुटुंब मेलबर्नला गेले. तेथील मत्स्यालयाच्या काचेच्या टाकीत माशांसोबत पोहण्याचे त्यांचे प्रयोग पाहायला गर्दी होऊ लागली.

त्या काळी स्त्रिया पोहताना काय घालत?

लोकरीचा किंवा फ्लॅनेलचा झगा, खाली विजार, पायांत लांब मोजे, कधी बूटही. झगा पाण्यावर तरंगून पाय दिसू नयेत म्हणून काही वेळा त्याच्या काठात वजने शिवत. अशा कपड्यांत पोहणे जवळपास अशक्यच. त्यामुळे अनेक जणी किनाऱ्याजवळ बांधलेला दोर धरून लाटा अंगावर घेत आणि परत येत. भिजलेली लोकर अंगाला खाली ओढत असे.

याची किंमत किती मोठी असू शकते, हे जून १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्ट रिव्हरमध्ये दिसले. ‘जनरल स्लोकम’ या सहलीच्या बोटीला आग लागली आणि हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यात बहुतांश स्त्रिया आणि मुले होती. सडलेली जीवरक्षक जाकिटे हे मोठे कारण होते. पण पोहता न येणे आणि अंगावरचे जड कपडे यांनीही अनेकांचा घात केला.

मोजे कपड्याला का शिवले?

१९०५ मध्ये अ‍ॅनेट वडिलांसोबत इंग्लंडला गेल्या. थेम्स नदीतील लांब पल्ल्याच्या पोहण्यामुळे वृत्तपत्रांत नाव झाले. त्यांनी इंग्लिश खाडी पोहण्याचे तीन प्रयत्न केले. तिन्ही अपुरे राहिले. (ही खाडी पोहणारी पहिली स्त्री ठरण्याचा मान १९२६ मध्ये अमेरिकेच्या गर्ट्रूड एडर्ली यांना मिळाला.)

लंडनमधील एका क्लबात राजघराण्यातील मंडळींसमोर पोहून दाखवण्याचे निमंत्रण आले, पण उघडे पाय चालणार नव्हते. अ‍ॅनेट मुलांचा असतो तसा, गुडघ्यांच्या वर संपणारा आटोपशीर पोशाख घालत. त्यांनी त्यालाच लांब काळे मोजे शिवून टाकले. पाय झाकले गेले, नियम पाळला गेला आणि हातपाय मोकळे राहिले. गळ्यापासून पावलांपर्यंतचा हा अखंड पोशाख पुढे त्यांची ओळख बनला.

बोस्टनजवळ खरेच अटक झाली होती का?

त्यानंतर त्या अमेरिकेत गेल्या. १९०७ मध्ये बोस्टनजवळच्या रिव्हिअर बीचवर हाच आटोपशीर पोशाख घातल्याबद्दल पोलिसांनी आपल्याला पकडले, असे त्या पुढे सांगत. पोहायचे असेल तर एवढाच कपडा हवा, ही बाजू न्यायाधीशांना पटली आणि पाण्यात शिरेपर्यंत अंगावर झगा घेण्याच्या अटीवर सुटका झाली, असा हा किस्सा आहे. मात्र तो खरा किती आणि रंगवलेला किती, याबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत. अ‍ॅनेट यांना प्रसिद्धीचे गणित उत्तम कळत होते, हेही विसरून चालणार नाही.

वाद संपला का?

नाही. समुद्रकिनाऱ्यांवर कपड्यांच्या लांबीचे नियम पुढेही राहिले. १९२२ मध्ये वॉशिंग्टनच्या किनाऱ्यावर गुडघ्यापासून कपड्यापर्यंतचे अंतर टेपने मोजले जात होते. दरम्यान, वन-पीस पोशाख अ‍ॅनेट यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला होता.

एक विसंगती मात्र त्यांच्या वाट्याला आली. पोहण्याच्या सोयीसाठी त्यांनी कपडा आटोपशीर केला. रंगभूमी आणि सिनेमाने मात्र विकला तो त्यांचा बांधा. हार्वर्डच्या एका प्राध्यापकांनी मापे घेऊन त्यांना आदर्श स्त्रीदेह ठरवले. १९१६ च्या ‘अ डॉटर ऑफ द गॉड्स’ या खर्चिक चित्रपटातील त्यांच्या नग्नदृश्याची मोठी चर्चा झाली. या चित्रपटाची प्रत आज उपलब्ध नाही. अ‍ॅनेट यांनीही या प्रसिद्धीचा फायदा घेतला.

तरी १९१८ च्या ‘हाऊ टू स्विम’ या पुस्तकात त्यांचा मुद्दा स्पष्ट आहे. पोशाख दोन प्रकारचे असतात, एक पाण्यात चालणारे आणि दुसरे फक्त कोरड्या जमिनीवर शोभणारे, असे त्या सांगतात. संकोच वाटत असेल तर घट्ट पोशाखावर सैल, बिनबाह्यांचे हलके वस्त्र घ्यावे, पण कंबर आवळू नये, असा त्यांचा सल्ला होता.

मराठी पडद्यावर काय घडले?

१९३८ च्या ‘ब्रह्मचारी’ या मास्टर विनायक दिग्दर्शित आणि आचार्य अत्रे लिखित चित्रपटात मीनाक्षी शिरोडकर स्विमसूटमध्ये दिसल्या. टीका झाली आणि चित्रपटगृहांत गर्दीही झाली. अ‍ॅनेट यांना अमेरिकेत आलेला अनुभव याहून फार वेगळा नव्हता.

अखेर कशी झाली?

१९५२ मध्ये एस्थर विल्यम्स यांनी ‘मिलियन डॉलर मर्मेड’ या चित्रपटात अ‍ॅनेट यांची भूमिका केली. आयुष्यभर शाकाहारी राहिलेल्या अ‍ॅनेट म्हातारपणीही पोहत असत. १९७० मध्ये त्या मायदेशी परतल्या. नोव्हेंबर १९७५ मध्ये क्वीन्सलँडमध्ये ८९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी ग्रेट बॅरियर रीफच्या पाण्यात विसर्जित करण्यात आल्या.

आज पूल पार्टीला जाताना काय लक्षात ठेवावे?

सुती टी-शर्ट आणि जीन्स पाणी शोषून जड होतात आणि हातपाय अडवतात. सुती कपड्यांचे धागे गाळणयंत्रात अडकतात, हेही अनेक तलावांवर नायलॉन किंवा लायक्राचा पोशाख सक्तीचा असण्यामागचे एक कारण आहे. पोशाख तोकडाच असावा असे नाही. पूर्ण बाह्यांचा, घोट्यापर्यंतचा स्विमसूटही बाजारात मिळतो. अ‍ॅनेट यांचा गाजलेला पोशाखही पावलांपर्यंतच होता. किती अंग झाकायचे हे ज्याचे त्याने ठरवावे. फक्त त्या कपड्यात हात पुढे टाकता यावा आणि पाय मारता यावेत.