पंडिता रमाबाई : कळकळ व तजवीज

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचे नाव आमच्या वाचकांस परिचित आहेच. त्यांच्या चरित्रातील एक गोष्ट आम्ही येथे सांगतो.

१८८९ साली बाईंनी मुंबईस शारदासदन काढले व पुढे ते पुण्यास नेले. अमेरिकेतील मित्रमंडळींनी दहा वर्षेच मदतीचे वचन दिले होते. पुढे मुलींचे पोषण कसे व्हावे, या विचाराने बाईंनी केडगाव येथे जमीन घेतली, विहिरी खणविल्या व फळझाडे लावली.

इतक्यात १८९६ साली मध्यप्रांतात दुष्काळ पडला. तरुणपणी दुष्काळातच बाईंचे मातापिता व बहीण निवर्तली होती. वार्ता कानी पडताच त्यांच्याने राहवेना. खर्चाची बेगमी नसताही त्या निघाल्या व सुमारे तीनशे निराश्रित मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यात प्लेगाचे निर्बंध होते; तेव्हा केडगावच्या त्याच जमिनीवर त्यांस आसरा मिळाला, व तेथेच मुक्तिसदन उभे राहिले.

कळकळ नसती, तर ती जमीन नुसती बाग राहती. जमीन नसती, तर त्या मुलींस कोठे ठेवले असते? प्रिय वाचकहो, विहीर सुकाळात खणावी, आणि हाक आली म्हणजे हिशेब करीत बसू नये.