तमाशासम्राज्ञी विठाबाई

जुन्नर-आंबेगावच्या मातीत तमाशा रुजला तो गावजत्रांमुळे. या मातीने महाराष्ट्राला दिलेले सर्वांत मोठे कलावंत नाव म्हणजे विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर, असे मी मानतो.

विठाबाईंचा जन्म १९३५ साली पंढरपूरला झाला. घराणे मात्र नारायणगावचे. वडील भाऊ व चुलते बापू यांचा फड गाजलेला होता. त्यामुळे लहान वयातच त्यांच्या पायी चाळ आले. गाणे, नृत्य आणि वगातील अभिनय ही तिन्ही अंगे त्यांनी सारख्याच ताकदीने सांभाळली.

एकदा दिवस भरलेले असताना ऐन खेळात त्यांना कळा सुरू झाल्या. आडोशाला जाऊन त्या प्रसूत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही हकीकत सर्वांना ठाऊक आहे. आपण तिचे कौतुक करतो. पण पोटासाठी कलावंतिणीला असे नाचावे लागते, याची खंत किती जणांना वाटते?

१९५७ व १९९० साली त्यांना राष्ट्रपती पारितोषिक मिळाले. तरीही अखेरचे दिवस हलाखीत गेले. १५ जानेवारी २००२ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे शासनाने त्यांच्या नावे तमाशा कलावंतांसाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला.

नारायणगावात आजही फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी सुपारी द्यायला येतात. त्या राहुट्यांतील कलावंतांच्या म्हातारपणाची सोय वेळीच झाली, तरच विठाबाईंचे नाव घेण्याचा आपल्याला अधिकार आहे.