दोन उत्तरांतील एक निवडणारे भास्कराचार्य

उंचावरून फेकलेला चेंडू जमिनीवर केव्हा पडेल, हे काढू गेल्यास वर्गसमीकरण दोन उत्तरे देते. त्यांतील कोणते स्वीकारावे, हा वणीतील दहावीच्या विद्यार्थ्याला आज पडणारा प्रश्न महाराष्ट्रातील एका गणितज्ञाने पावणेनऊशे वर्षांपूर्वी हाताळला होता.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ मधला. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेले त्यांचे विज्जडविड हे गाव नेमके कोणते, याविषयी संशोधकांत मतभेद आहेत. वयाच्या ३६व्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ रचला. लीलावती, बीजगणित, गणिताध्याय व गोलाध्याय हे त्याचे चार भाग.

पृथ्वी जड वस्तूंना आपल्याकडे ओढते, हा विचार गोलाध्यायात आढळतो. पडण्याच्या वेळेचा नियम मात्र त्यात नाही. अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे सतराव्या शतकात गॅलिलिओने दाखविले. त्यातून उभे राहणारे समीकरण सोडविण्याची रीत मात्र भास्कराचार्यांनी आधीच दिली होती आणि तिचे श्रेय पूर्वसुरी श्रीधराचार्यांना देण्यास ते विसरले नाहीत.

समजा, १५ मीटर उंचीवरून चेंडू सेकंदाला १० मीटर वेगाने सरळ वर फेकला. गुरुत्वत्वरण स्थूलमानाने १० धरल्यास वेळेचा वर्ग वजा वेळेची दुप्पट बरोबर ३ असे समीकरण मिळते. दोन्ही बाजूंना ४ ने गुणून ४ मिळविले की डावीकडे पूर्ण वर्ग तयार होतो, उजवीकडे १६ उरतात. १६ चे वर्गमूळ धन ४ किंवा ऋण ४. म्हणून उत्तरे ३ आणि उणे १. उणे १ म्हणजे चेंडू फेकण्यापूर्वीचा एक सेकंद! ते सोडून ३ सेकंद घ्यायचे.

हाच विवेक भास्कराचार्यांच्या वानरांच्या उदाहरणात दिसतो. कळपाच्या पाचव्या हिश्शातून ३ वजा करून येणाऱ्या संख्येच्या वर्गाइतकी वानरे गुहेत गेली, एक बाहेर दिसले. तर एकूण किती? उत्तरे ५० व ५. पण ५ धरल्यास वर्ग करण्याची संख्याच उणे २ होते. म्हणून भास्कराचार्यांनी ५ हे उत्तर नाकारले. आकडेमोड बिनचूक असली, तरी उत्तराला अर्थ हवा, हा त्यांचा धडा.

११८३ मध्ये, उतारवयात, त्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिला. पुढे नातू चांगदेव याने चाळीसगावजवळील पाटण येथे त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला. तेथील शिलालेख त्याची साक्ष देतो.