हिंगणघाटची जमीन दान देणारी राणी : तेरा वर्षं विदर्भाचा कारभार पाहणाऱ्या प्रभावतीगुप्ताची गोष्ट

हिंगणघाट म्हटलं की कापसाचा बाजार आठवतो, वणा नदी आठवते. पण साधारण सोळाशे वर्षांपूर्वी एका राणीने याच भागातली जमीन दान दिली होती. तो दानाचा ताम्रपट सापडला कुठे, तर थेट पुण्यात, एका तांबट कुटुंबाकडे!

ताम्रपटातल्या गावाचं नाव आहे दंगुण. चारही बाजूंना कोणती गावं आहेत हेही त्यात कोरलंय. त्यावरून वा. वि. मिराशींनी शोध घेतला, तर शेजारची वणी आणि कढाजण ही गावं सापडली. मधलं दंगुण पुढे हिंगणघाटात मिसळून गेलं असावं, असं त्यांनी मांडलं.

दान देणारी राणी होती प्रभावतीगुप्ता.

इजिप्तची हॅत्शेपसूत अनेकांना माहीत असते. नवरा वारला, सावत्र मुलगा लहान, म्हणून तिने कारभार हातात घेतला आणि पुढे स्वतःच फॅरो झाली. आपल्या विदर्भातही जवळपास तोच प्रसंग उभा राहिला होता. फरक एवढाच, की प्रभावतीने स्वतःला राजा म्हणवून घेतलं नाही.

तिचं माहेर म्हणजे त्या काळातलं उत्तरेतलं सगळ्यात बलाढ्य घराणं. वडील गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त, आजोबा समुद्रगुप्त. आई कुबेरनागा ही नाग घराण्यातली. तिचं लग्न लावलं गेलं विदर्भाच्या वाकाटक घराण्यातल्या दुसऱ्या रुद्रसेनाशी. चंद्रगुप्ताला माळवा आणि गुजरातच्या शक क्षत्रपांचा बंदोबस्त करायचा होता. अशा वेळी दक्षिणेच्या बाजूला जावयाचं राज्य असणं सोयीचंच.

सासरी ती आली ती आपला देव घेऊन. ती विष्णूची भक्त. वाकाटक मूळचे शैव, पण रुद्रसेनाच्या नावापुढे चक्रपाणीचा, म्हणजे विष्णूचा उल्लेख येतो. बायकोचा प्रभाव, दुसरं काय!

पण रुद्रसेन फार जगला नाही. इसवी सन ४०० च्या आगेमागे तो वारला. पदरात लहान मुलं. मोठा दिवाकरसेन युवराज झाला आणि आईने राज्य हाती घेतलं. राजधानी होती नंदिवर्धन, म्हणजे रामटेकजवळचं आजचं नगरधन.

हिंगणघाटचं दान याच काळातलं. दिवाकरसेनाचं तेरावं वर्ष, तिथी कार्तिक शुद्ध द्वादशी. म्हणजे एकादशीचा उपवास सोडायचा दिवस. जमीन मिळाली चनालस्वामी नावाच्या आचार्याला. शिक्क्यावर ही युवराजाच्या आईची आज्ञा असल्याचं लिहिलंय. तेरा वर्षं होऊनही मुलगा युवराजच आहे, हे लक्षात घ्या.

पुढे दिवाकरसेन दिसतच नाही. तिच्या नंतरच्या ताम्रपटात ती स्वतःला दामोदरसेन आणि प्रवरसेन या महाराजांची आई म्हणवते. थोरल्याचं नाव नाही. तो गादीवर बसण्याआधीच गेला असणार, असंच इतिहासकार मानतात. नवऱ्यामागून मुलगाही गेला.

आता वादाचा मुद्दा. पुण्याच्या ताम्रपटात वंशावळ सुरू होते ती सासरची नाही, माहेरची. गोत्रही ती माहेरचं धारण हेच सांगते, सासरचं विष्णुवृद्ध नाही. त्यावरून अनेकांनी म्हटलं, की विदर्भावर खरं राज्य तिच्या वडिलांचंच होतं, ही नुसती नावाला.

पण अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला सापडलेला तिचा दुसरा ताम्रपट पाहा. तो धाकट्या प्रवरसेनाच्या राज्याच्या १९ व्या वर्षातला. तेव्हा वडील जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा चांगला मुरलेला राजा. तरीही ती रामगिरीच्या देवापाशी बसून स्वतःच्या नावाने दान देते आणि तिथेही माहेरचीच वंशावळ सांगते. आता तिला पाटण्याहून कोण हुकूम सोडणार होतं? ती तिची स्वतःची निवड होती.

हा प्रवरसेनही भारी माणूस. माहाराष्ट्री प्राकृतातलं सेतुबंध हे काव्य त्याच्या नावावर आहे. वर्धा जिल्ह्यातल्या जांब आणि बेलोरा इथे त्याचे ताम्रपट मिळालेत. त्यावरून ११ व्या वर्षापर्यंत राजधानी नंदिवर्धनच होती हे कळतं. १८ व्या वर्षीच्या ताम्रपटात मात्र प्रवरपूर हे नवं नाव येतं. मिराशींच्या मते प्रवरपूर म्हणजे धाम नदीकाठचं पवनार. तिथे विनोबांच्या आश्रमाच्या जागेत रामायणातल्या प्रसंगांची जुनी शिल्पं निघालीत. मनसरच्या उत्खननानंतर काही अभ्यासक प्रवरपूर तिकडे नेतात. वर्धेकरांना हे पटणं कठीण!

रामटेकच्या केवल नरसिंह मंदिरातल्या झिजलेल्या शिलालेखात प्रभावतीची मुलगीही भेटते. तिचं लग्न घटोत्कच नावाच्या पुरुषाशी, बहुधा आईच्याच माहेरी, झालेलं दिसतं. आईच्या पुण्यासाठी उभारलेल्या, प्रभावतीस्वामी नावाच्या विष्णूचा उल्लेखही त्यात आहे.

आणि २०१८ मध्ये नगरधनच्या उत्खननात मातीची एक छोटीशी मुद्रा हाती आली. त्यावर शंख आहे आणि ब्राह्मी लिपीत राणीचं नाव.