घरात मुंगळ्यांनी हैराण केलं, पण त्याच कर्नल सायक्सनं पुण्याची मुंगी जगाला दाखवली

हिरव्या पानाचे तुकडे डोक्यावर घेऊन रांगेत चाललेल्या मुंग्यांचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. ती पानं त्या थेट खात नाहीत. चावून त्यांचा लगदा करतात, त्यावर बुरशी वाढवतात आणि ती बुरशी खातात. परदेशात हौशी लोक काचेच्या पेटीत त्यांची अख्खी वसाहत घरात पाळतात.

मग जळगाव-धुळ्यात कुणाला असा नाद करायचा असेल तर? अडचण अशी की या मुंग्या मूळच्या फक्त अमेरिका खंडांतल्या. तिथं त्या बागांची पानं उतरवतात, म्हणून शेतकरी त्यांना वैतागलेले असतात. केळी-कापसाच्या खानदेशात अशी पेटी फुटली तर काय, हा विचार आधी करायला हवा.

पण यातल्या सगळ्यात प्रसिद्ध मुंग्यांचं शास्त्रीय नाव, म्हणजे 'अट्टा', एकेकाळी पुण्याच्या एका मुंगीलाही मिळालं होतं. ते देणारा माणूस होता विल्यम हेन्री सायक्स.

सायक्सचा जन्म १७९० चा, इंग्लंडमधला. १८०३ मध्ये, म्हणजे मिसरूड फुटायच्या वयात, तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत आला. इथं मराठी शिकला. पेशवाई बुडवणाऱ्या खडकीच्या लढाईत तो कंपनीच्या बाजूनं होता. पुढे १८२४ मध्ये गव्हर्नर एल्फिन्स्टननं त्याला दख्खनची आकडेवारी गोळा करायच्या कामावर नेमलं.

पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड हे चार जिल्हे त्याच्या कामात होते. आजचे धुळे आणि जळगाव तेव्हा एकाच खानदेशात होते, आणि तो प्रदेश १८१८ मध्येच इंग्रजांकडे आला होता. नव्या सरकारला महसूल ठरवायचा होता, त्यासाठी लोकसंख्या, पिकं, जमीन, हवामान यांची माहिती हवी होती. सायक्सनं ती जमवलीच, शिवाय पक्षी, प्राणी आणि किडेही नोंदवले. १८२९ मध्ये त्याचं पद रद्द झालं, तरी हाती घेतलेलं काम त्यानं १८३१ पर्यंत रेटलं.

त्याच्या पुण्याच्या घरात व्हरांड्यातल्या टेबलावर फळं, केक, मुरंबे ठेवलेले असत. मोठे काळे मुंगळे त्यावर तुटून पडायचे. टेबलाचे पाय पाण्याच्या भांड्यांत ठेवले, तर ते पाणी ओलांडून आले. मग पायांना टर्पेंटाइन फासलं. काही दिवस शांतता, आणि पुन्हा मुंगळे हजर! शेवटी सायक्सनं पाहिलं, तर एक मुंगळा भिंतीवर चढून वरून थेट टेबलावर पडत होता. त्याच्यामागून दुसरा, मग तिसरा.

खरा शोध मात्र घराबाहेर लागला. मुंग्या धान्य साठवतात असं जुने ग्रंथ सांगत होते. थंड युरोपातल्या अनेक अभ्यासकांना ते पटत नव्हतं. त्यांच्या मते लोक मुंग्यांच्या कोशांनाच दाणे समजत होते. जून १८२९ मध्ये पुण्याच्या परेड मैदानाजवळ फिरताना सायक्सला गवताच्या बियांचे वीसेक छोटे ढीग दिसले. शेकडो मुंग्या जमिनीखालच्या साठ्यातून भिजलेलं बी वर आणून उन्हात वाळवत होत्या. गवत जानेवारी-फेब्रुवारीत पिकतं, म्हणजे साठा कित्येक महिन्यांचा होता. ऑक्टोबरमधल्या पावसानंतर तेच दृश्य पुन्हा दिसलं.

१८३५ मध्ये हे लंडनमध्ये छापून आलं. सायक्सनं मुंगीला नाव दिलं 'अट्टा प्रोव्हिडेन्स', म्हणजे पुढचा विचार करणारी. नंतर वर्गीकरण बदललं. आज ती 'फेइडोल' गटात आहे, आणि 'अट्टा' हे नाव पानं कापणाऱ्यांकडे राहिलं. युरोपातही मुंग्या बी साठवतात हे १८७३ मध्ये मॉग्रिजनं सविस्तर दाखवलं. त्याच काळात जॉन लबकनं दोन काचांमध्ये माती भरून घरात मुंग्या पाळल्या आणि आजच्या या छंदाचा पाया घातला.

सायक्स १८५६ मध्ये कंपनीचा अध्यक्ष झाला, पुढे खासदार झाला आणि १८७२ मध्ये वारला. मुंग्यांचा तो वाद मिटवायला त्याला ना काचेची पेटी लागली, ना परदेशी मुंगी. त्यामुळे जूनमध्ये पहिल्या पावसानंतर ऊन पडलं की शेताच्या बांधावर एक चक्कर मारा. एखाद्या बिळाच्या तोंडाशी बियांचा मूठभर ढीग दिसला, तर जरा थांबून बघा. ही वसाहत पाळायला काहीच खर्च नाही.